झूम वेगळा, मॅक्रो वेगळा

पावसाळा सरत आला की कोकणात ज्याच्या त्याच्या फोनवर फुलं येऊ लागतात. तेरडा, कळलावी, सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, सीतेची आसवं, कुणाच्या तरी अंगणातली लालभडक जास्वंद. फोटो बरेचदा खरोखर सुंदर असतात, पण खाली हमखास लिहिलेलं असतं: ‘मॅक्रो शॉट’. दीड मीटरवरून झूम करून टिपलेली जास्वंदही मॅक्रो आणि फोन पाकळीला टेकवून काढलेली अबोलीही मॅक्रो. मग कुणी नवशिका विचारतो, ‘माझ्याकडे ३०० मिमीपर्यंतचा झूम आहे, मॅक्रो लेन्स घ्यायची गरज आहे का?’ त्याला उत्तर मिळतं, ‘कशाला? एकच ते.’

एकच नाही ते. या उत्तरामुळे लोक नको ती लेन्स विकत घेतात आणि हातात असलेल्या चांगल्या लेन्सकडून भलतंच काम करून घ्यायला बघतात. म्हणून एकदा नीट मांडतो.

झूम सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. भिंगं मागेपुढे सरकतात, दूरची वस्तू चौकटीत मोठी होते. लेन्सवरचा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकी लेन्स ‘लांब’ आणि वस्तू मोठी. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं. ते काम घरी बसून जास्त चांगलं होतं, कॅमेऱ्यात करू नका. विषय संपला.

मॅक्रोला मात्र मोजमाप आहे. वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, पडणारी प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असेल तर ते प्रमाण १:१, आणि खरा मॅक्रो तिथे सुरू होतो. फुलफ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो, म्हणजे १:१ ला चौकटीत बरोबर ३६ मिमी रुंदीचा तुकडा मावतो. बाजारात मिळणारे ७०-३०० चे बहुतेक झूम दीड मीटरच्या आत फोकस करत नाहीत आणि तिथे त्यांचं प्रमाण साधारण १:४ असतं. म्हणजे चौकटीत १४ सेंटिमीटरचं जग मावतं. काही झूमच्या अंगावर ‘मॅक्रो’ असं छापलेलंही असतं. त्यातले बरे असतात ते १:२ पर्यंत जातात. अर्ध्या प्रमाणाला मॅक्रो म्हणून विकणं मला पटत नाही, पण निदान ते आकडा तरी लिहितात.

आपल्याकडे काय आहे हे बघायचं असेल तर कंपासमधली फूटपट्टी काढा. लेन्स फोकस करेल तितकी जवळ न्या, फोटो काढा आणि चौकटीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. फोनलाही हीच परीक्षा लावा. जाहिरातीत काय लिहिलंय ते बघण्याची मग गरज उरत नाही.

आता आकड्यांवरून आपल्या परसात या. ब्लू मॉर्मन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याचे पंख उघडले की १२ ते १५ सेंटिमीटर भरतात. १:१ ला त्याच्या पंखाचा एक तुकडा येईल, फुलपाखरू येणारच नाही. जास्वंदीचं फूल १० सेंटिमीटरच्या आसपास, कळलावीही हाताच्या पंजाएवढी पसरते. या सगळ्यांना तुमचा झूम पुरून उरतो. मॅक्रो लागतो तो नखापेक्षा लहान गोष्टींना: जास्वंदीच्या दांड्याच्या टोकावरचे पाच लाल ठिपके, बकुळीच्या फुलाचा मधला भाग, हापूसची पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांचा जबडा, सड्यावरच्या ‘दवबिंदू’ नावाच्या कीटक धरणाऱ्या रोपाच्या पानावरचे चिकट थेंब.

इथपर्यंत लोकांना पटतं. खरी गडबड पुढे आहे. ‘बरं, पण जास्वंद तर दोन्हींनी सारखीच मोठी घेता येते. मग जवळ जाऊन घेतली काय, लांबून झूमने घेतली काय, फोटो तोच ना?’ फोटो तोच नसतो. फूल चौकटीत तेवढंच मोठं असलं तरी तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बाकी सगळं ठरतं. झूम फुलाला मोठं करतो, पण तुम्हाला जवळ नेत नाही. तुम्ही दीड मीटरवर आहात आणि फोटोही दीड मीटरवरूनच बघतो.

जास्वंदच घेऊ. तिचा मधला दांडा पाकळ्यांच्या पुढे पाचेक सेंटिमीटर आलेला असतो. फोन दांड्याच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर धरला तर पाकळ्या १० सेंटिमीटरवर राहतात. म्हणजे टोक पाकळ्यांच्या मानाने दुप्पट मोठं उमटणार. दांडा अंगावर आल्यासारखा दिसतो, पाकळ्या मागे आक्रसतात, आणि घरच्या कुंडीतली जास्वंद ओळखू येत नाही. तेच फूल दीड मीटरवरून घ्या. टोक १५० सेंटिमीटरवर, पाकळ्या १५५ वर. फरक जेमतेम तीन टक्के. फूल डोळ्यांना दिसतं तसं, त्याच्या खऱ्या घडणीत येतं. सोनचाफा, अनंत, जास्वंद यांचे देखणे फोटो हवे असतील तर मी फोन खिशात ठेवून लांबून झूमनेच घेईन.

मागचं चित्र तर याहून जास्त बदलतं, आणि आपल्या वाड्यांमध्ये मागचं चित्र हाच मोठा प्रश्न असतो. फुलामागे दगडी गडगा असतो, त्यावर वाळत टाकलेली चादर, पाण्याची काळी टाकी, लाकडांवरची निळी ताडपत्री, वर विजेच्या तारा. फोनची अल्ट्रावाइड लेन्स सुमारे १२० अंशांचा पसारा बघते. फुलाच्या पाच मीटर मागे तिच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १७ मीटरचा मुलूख येतो, म्हणजे बहुतेक सगळं घर. ३०० मिमीची लेन्स ८ अंश बघते. दीड मीटरवरून फूल घेताना त्याच्या पाच मीटर मागे तिला एक मीटरही जागा दिसत नाही. तेवढ्यात फक्त एक केळीचं पान असू शकतं, किंवा नुसती सावली. आणि तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकलात की ताडपत्री जाऊन तिथे पोफळीचा हिरवा अंधार येतो. फूल तेच, फोटो नवा. झूमची ही ताकद लोक वापरतच नाहीत. एका जागी खिळून उभे राहतात आणि चादर दिसली म्हणून फुलाला दोष देतात.

उलटही खरं आहे. किनाऱ्यावर वाळूत पसरलेल्या मर्यादवेलीचं जांभळं फूल झूमने घेतलं तर मागे एक निळसर डाग राहतो. ते फूल कुठल्याही कुंडीतलं असू शकतं. तिथे रुंद लेन्स घेऊन वाळूवर आडवं व्हा, फुलाच्या अगदी जवळ जा. मग मागे वेल, वाळू, ओहोटीची ओली पट्टी आणि सुरूची रांग, सगळं येतं. या फुलाला त्याची जागा हवी असते. हा फोटो मॅक्रोही नाही आणि झूमही नाही, हा जवळ जाऊन घेतलेला रुंद फोटो आहे, आणि किनाऱ्यावरच्या फुलांसाठी मला तोच सगळ्यात आवडतो.

याच गोंधळाचं एक पिल्लू आहे: ‘झूमने डेप्थ कमी होते, म्हणून मागचं पुसलं जातं.’ डेप्थ म्हणजे पुढेमागे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी. फूल चौकटीत तेवढंच मोठं ठेवलंत आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, तेच ठेवलंत, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी ५० मिमीला आणि ३०० मिमीला जवळपास सारखीच असते. लांब लेन्स मागच्या धूसर भागातला छोटा तुकडा मोठा करून दाखवते, म्हणून तो मऊ वाटतो. जाडी ठरते ती वस्तू किती मोठी केली यावर. फुलफ्रेमवर ॲपर्चर एफ/८ असताना १:४ प्रमाणात साधारण एक सेंटिमीटर स्पष्ट येतो. १:१ ला तोच पट्टा एक मिलिमीटरवर येतो. खऱ्या मॅक्रोत मुंगीचा डोळा स्पष्ट आला की तिचे मागचे पाय धूसर होणार, त्याला इलाज नाही. म्हणून फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा पंखाला समांतर धरा. ॲपर्चर एफ/२२ इतकं बारीक करून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, सगळाच फोटो मऊ पडतो.

फोनवाल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. तुमच्या फोनमध्ये ‘मॅक्रो’ लिहिलेलं बटण बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतं. स्वस्त फोनांत ते २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा चालू करतं. त्याचा फोकस ठरावीक अंतरावर, बहुधा ४ सेंटिमीटरवर, बांधलेला असतो आणि चित्र इतकं कच्चं येतं की मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून घेऊन कापलेलं बरं. महागड्या फोनांत ते अल्ट्रावाइडवर उडी मारतं. आयफोनने ही पद्धत २०२१ मध्ये १३ प्रोपासून आणली आणि तो २ सेंटिमीटरपर्यंत जातो. चित्र चांगलं येतं, पण वर सांगितलेला जास्वंदीचा अंगावर येणारा दांडा आणि मागचं अख्खं घर हे त्याच लेन्सचं काम. शिवाय इतक्या जवळ गेल्यावर फोनची सावली फुलावर पडते. आयफोनवर तेव्हा छोटं फुलाचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की उडी थांबते. मग वीतभर मागे या, मुख्य कॅमेऱ्याने घ्या आणि घरी कापा.

दुसरी खोड तिप्पट-पाचपटीच्या टेलिफोटो लेन्सची. तुम्ही ३एक्स निवडता, पण ती लेन्स फोकस करू शकते त्याहून फूल जवळ आलं की फोन न सांगता मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून देतो. तपासायचं असेल तर एकेका लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा होईल ती चालू लेन्स. अलीकडच्या काही फोनांत टेलिफोटोच १० सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. फुलांसाठी फोन घेणाऱ्याने हीच एक गोष्ट दुकानात फूटपट्टी नेऊन बघावी, मेगापिक्सेल विचारू नयेत.

बाकी फरक किरकोळ आहेत, भराभर सांगतो. झूमला हात हलण्याचा धोका, म्हणून ३०० मिमीला शटरचा वेग किमान १/३०० सेकंद ठेवा. मॅक्रोला वाऱ्याचा धोका जास्त, कारण पाकळी मोठी होते तशी तिची थरथरही मोठी होते. मतलई वारा मंदावून खारा वारा सुटायच्या आधीची सकाळ हीच त्याची वेळ. दुपारी किनारपट्टीवर मॅक्रोच्या वाटेला जाऊ नये. १:१ ला प्रकाशही दोन स्टॉप कमी पडतो, म्हणजे पावच उरतो, एफ/८ ला एफ/१६ इतकाच उजेड मिळतो. नवी लेन्स न घेता जवळ जायचं असेल तर आखूड लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लावा: ५० मिमीच्या लेन्सला ५० मिमीची ट्यूब लावली की १:१ मिळतं. लांब झूमला ट्यूबचा उपयोग नाही, तिथे पुढे स्क्रूने बसणारी क्लोजअप काच घ्या. +२ नंबरची काच २०० मिमीला लावली की लेन्सचा फोकस सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवूनही ०.४ पट प्रमाण मिळतं. लेन्स कुठलीही असो, आपल्या दमट हवेत ती सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. खरा मॅक्रो घेताना १०० मिमीच्या लेन्सच्या टोकापासून फुलापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही. म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष तिथे असता, तुमच्या पायांसकट. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळसड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू असं सगळं एकमेकांना चिकटून उगवतं. एका दवबिंदूच्या मॅक्रोसाठी पालथं पडलेला माणूस बाकीची शंभर रोपं चिरडतो. काही जण तर रोप उपटून घरी नेतात आणि वरून पाणी फवारून फोटो काढतात. मला असा फोटो बघवत नाही. त्या थेंबांचं काम कीटक धरायचं आहे, फवारलेलं पाणी वेगळं दिसतं आणि ओळखू येतं.

सड्यावर आधी झूम काढा. फुलांची जांभळी चादर कडेला उभं राहून, खाली वाकून, लांब लेन्सने घ्या. लांबून घेतल्याने मागची फुलं पुढच्यांच्या जवळ सरकल्यासारखी दिसतात आणि चादर दाट होते. नंतर एखादं रोप पायवाटेलगत, उघड्या कातळाच्या कडेला सापडतंय का बघा. असतंच. तिथे कातळावर बसून मॅक्रो लावा, सीतेच्या आसवांच्या खालच्या पाकळीमागची बारीक शेपटी बाजूने टिपा, समोरून ती दिसत नाही. आणि गुडघे टेकण्यापूर्वी आजूबाजूचे सुटे दगड नजरेखालून घाला, हात त्यांच्याखाली घालू नका. फुरसं हा विषारी साप त्या दगडांखालीच दडतो.