खुंटीवाला स्क्रू आणि योग्य बिट

नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेम कंट्रोलर उघडायला जावं, तर स्क्रूच्या डोक्यात सहा पाकळ्यांचा खड्डा आणि त्याच्या मधोमध एक बारीक खुंटी दिसते. साधा टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांचा बिट (स्क्रूड्रायव्हरचं बदलता येणारं टोक) घालून पाहिला तर तो खुंटीवर अडतो. हा स्क्रू इतरांपेक्षा मजबूत नसतो. आटे तेच, पोलाद बहुधा तेच, आवळलेलाही तेवढाच. अडवणूक फक्त डोक्याच्या आकाराची असते. म्हणून यात ताकदीपेक्षा ओळख महत्त्वाची. स्क्रू खराब होतात ते बहुतेक वेळा 'जवळपास बसणारा' बिट घालून फिरवल्यामुळेच.

आधी डोकं साफ करा. दाताच्या जुन्या ब्रशवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खड्ड्यातली धूळ काढा, मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो घ्या. पाकळ्या मोजा. सहा असतील तर टॉर्क्स, मध्ये खुंटी असेल तर सुरक्षा-टॉर्क्स. पाच पाकळ्या आणि खुंटी नाही, तर तो पेंटालोब. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीला तो लावला, नंतर आयफोन ४ ला. पाच पाकळ्या आणि खुंटी दोन्ही असतील तर मात्र तो पेंटालोब नव्हे, टॉर्क्स प्लसचा सुरक्षा-प्रकार. त्याला वेगळा बिट लागतो. तीन पात्यांचा 'वाय' निन्टेन्डो स्विचवर आणि आयफोन ७ पासूनच्या फोनच्या आत सापडतो. त्रिकोणी खड्डा खेळण्यांत दिसतो, दोन भोकांचा स्क्रू सार्वजनिक शौचालयांच्या फिटिंगवर आणि लिफ्टच्या पॅनेलवर. निन्टेन्डोच्या जुन्या गेम-कार्ट्रिजच्या स्क्रूवर खड्डाच नसतो. पाकळ्या डोक्याच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे आतून पोकळ बिट लागतो: कार्ट्रिजला ३.८ मिमी, कन्सोलला ४.५ मिमी.

टॉर्क्स अमेरिकेतल्या टेक्स्ट्रॉनच्या कॅमकार विभागाने १९६७ मध्ये आणला, तो चोरांना अडवायला नव्हे, तर बिट निसटू नये म्हणून. फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. पीळ वाढला की बिट वर सरकतो, आणि तो सरकू नये म्हणून खाली दाबत राहावं लागतं. टॉर्क्सच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्याने पीळ थेट स्क्रूला मिळतो. खुंटी ही नंतरची भर.

खरी गल्लत मापात होते. टॉर्क्सची मापं टी-नंबरने सांगतात. टी-८ च्या समोरासमोरच्या पाकळ्यांच्या टोकांमधलं अंतर सुमारे २.३१ मिमी, टी-९ चं २.५०, टी-१० चं २.७४. म्हणजे टी-८ आणि टी-९ मध्ये फरक जेमतेम ०.१९ मिमी, आणि टी-९ च्या खड्ड्यात टी-८ सहज उतरतो. तो थोडा फिरतो, मग पाकळ्यांचे कोपरे खरवडून गोल करून टाकतो. यावर उपाय असा, की मोठ्या मापापासून खाली यायचं. जो सर्वांत मोठा बिट हलका दाबल्यावर तळापर्यंत जातो आणि डावी-उजवीकडे डुगडुगत नाही, तोच आपला. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला भोकवाला, म्हणजे खुंटी आत जाण्यासाठी मध्ये भोक असलेला टी-८ लागतो.

दुकानात नुसता 'स्टार बिट' मागितला तर बहुधा फुलीचाच हातात पडतो. टी-नंबर आणि 'मध्ये भोक असलेला' असं दोन्ही सांगा. भोकवाले बिट साध्या टॉर्क्सलाही चालतात, तेव्हा लहानसहान कामांसाठी एकच संच पुरतो. पण भोकामुळे बिट कमजोर होतो. घट्ट गंजलेल्या साध्या टॉर्क्सला भरीव बिटच वापरा. बिटचं पोलाद 'एस-२' या चिवट प्रकारचं असलेलं बरं. आणखी एक अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही: स्क्रू खोल नळीत असेल तर ६.३५ मिमीच्या षटकोनी बुडाचा बिट आणि त्याचा होल्डर आत जातच नाही. तिथे बारीक दांड्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा ४ मिमी बुडाचा लांब बिट लागतो.

बिट सरळ उभा धरा, दाबा आणि आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवा. पकड सुटल्याची 'टक' आली की उलटा फिरवा. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावलेला चिकट द्रव) असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, मग गरम असतानाच फिरवा. प्लास्टिकमध्ये बसलेल्या स्क्रूला मात्र हा उपाय नको.

योग्य बिट मिळतच नसेल तर खुंटी आणि भिंत यांच्या फटीत बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर बसवून हलका आवळलेला स्क्रू सुटतो. खुंटी पंचने तिरकी ठोकून मोडणंही जमतं, पण तो पोलादी कण सर्किटवर पडला तर शॉर्ट होतो. दोन भोकांच्या डोक्याला सर्कलिप पक्कड (दोन बारीक टोकांची) चालून जाते. फक्त आवळता येणाऱ्या एकदिशा स्क्रूची गोष्ट वेगळी: त्याच्या खाचेची उघडण्याच्या बाजूची भिंत उताराची असते, म्हणून कुठलंच हत्यार उलट दिशेला टिकत नाही. मिनी-ग्राइंडरच्या पातळ चकतीने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि चपट्याने काढा. तेही जमलं नाही तर आट्यांच्या दांड्याइतक्या जाडीच्या ड्रिलने डोकं उडवा. पत्रा मोकळा झाला की उरलेला दांडा लॉकिंग पक्कडीने धरून फिरवा. उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (स्क्रूत भोक पाडून, त्यात रुतवून स्क्रू काढायचं हत्यार) अगदी शेवटी, कारण तो कठीण आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही.

काही स्क्रू मात्र न उघडलेलेच बरे. प्लग काढल्यावरही मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जर किंवा अ‍ॅडॅप्टरमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात.

स्क्रू काढताना कागदावर उपकरणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. आयफोनसारख्या फोनमध्ये शेजारशेजारच्या स्क्रूंच्या लांबीत मिलिमीटरच्या अंशाचाच फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर त्याचं टोक खालच्या सर्किट बोर्डाचे तांब्याचे पट्टे तोडतं. परत बसवताना खुंटीवाल्याऐवजी साधा टॉर्क्स लावायचा असेल, तर व्यास, आट्यांचं अंतर आणि लांबी या तिन्ही गोष्टी जुळवून घ्या.