स्तनाचा कर्करोग

स्तनातल्या दूधनलिकांच्या किंवा दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशी बेसुमार वाढून आजूबाजूच्या भागात घुसू लागल्या की होणारा आजार. जगभरातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये सुमारे २३ लाख स्त्रियांना त्याचे निदान झाले आणि ६ लाख ७० हजार जणी दगावल्या. पुरुषांनाही तो होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण अर्धा ते एक टक्का असते. आपल्याला हा आजार होऊ शकतो हे बहुतेक पुरुषांच्या गावीही नसते, त्यामुळे त्यांची गाठ अनेकदा उशिरा दाखवली जाते.

प्रत्येक स्तनात दूध तयार करणारे १५ ते २० खंड असतात आणि त्यांतून निघालेल्या बारीक नलिका स्तनाग्राकडे जातात. बहुतेक कर्करोग या नलिकांच्या अस्तरात सुरू होतात. बिघडलेल्या पेशी नलिकेच्या भिंतीआड असतात तोवर त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. हा शून्याचा टप्पा. भिंत फोडून त्या बाहेर पडल्या की लसिकेच्या (लिम्फ या शरीरद्रवाच्या) वाटेने बहुधा आधी काखेतल्या लसिकाग्रंथींत आणि रक्ताच्या वाटेने हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत पोहोचू शकतात. हाडात गेलेला स्तनाचा कर्करोग हा हाडांचा कर्करोग नव्हे. तिथेही पेशी स्तनाच्याच असतात आणि औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच लागतात.

‘मलाच का?’ या प्रश्नाला अनेकदा उत्तर नसते. सुमारे निम्म्या रुग्णांत स्त्री असणे आणि वय चाळिशीपुढे असणे यापलीकडे कोणताही ठळक धोका सापडत नाही. बाकीच्या धोक्यांचा धागा मात्र बऱ्याच अंशी संप्रेरकांशी जुळतो. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्येच नोंदवून ठेवले होते की मठांतल्या जोगिणींमध्ये हा रोग जास्त दिसतो. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे, या सगळ्यांत स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा प्रभाव जास्त वर्षे राहतो. अंगावर पाजण्याने धोका घटतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र छाननी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी दिसला. रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, मद्यपान, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या बराच काळ घेणे आणि तरुण वयात छातीवर झालेले रेडिएशन यांनी तो वाढतो. ब्रा, डिओडरंट किंवा स्तनाला लागलेला मार यांनी कर्करोग होतो, याला आधार नाही.

आनुवंशिक कारण ५ ते १० टक्के रुग्णांतच असते, पण असले तर ते जबर असते. असे एक जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले. बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए२ त्याच्या पुढच्या वर्षी हाती लागले. यांपैकी एकात घातक दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. हा दोष वडिलांकडूनही येतो. त्यामुळे डॉक्टरांना फक्त आईच्या माहेरची माहिती देऊन भागत नाही, आत्यांचीही सांगावी लागते.

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत सापडणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ बोटाखालून गोटीसारखी सटकते. कर्करोगाची गाठ बहुधा टणक, ओबडधोबड आणि जागेला चिकटलेली लागते. मुख्य म्हणजे ती सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते, आणि दुखणारा स्तन घेऊन घाबरून आलेल्या बहुतेक जणींना मात्र कर्करोग नसतो. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्यानेच आत ओढले जाणे, एकाच स्तनाग्रातून रक्ताळ स्राव येणे, काखेत गाठ लागणे ही इतर लक्षणे. स्तनाग्रावरचा बरा न होणारा इसब आणि गाठीशिवाय आलेली स्तनाची लाली ही दोन लक्षणे हमखास फसवतात.

दर महिन्याला ठरल्या पद्धतीने स्वतःचे स्तन तपासावेत, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. शांघायमधल्या दोन लाख साठ हजारांहून अधिक कामगार स्त्रियांच्या चाचणीत त्याने मृत्यू घटले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) वाढल्या. म्हणून आता भर आहे तो आपल्या स्तनांचा नेहमीचा आकार आणि स्पर्श ओळखीचा असण्यावर आणि बदल दिसला की न थांबता दाखवण्यावर. लक्षणे नसताना करायची तपासणी म्हणजे मॅमोग्राफी, स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही क्षण चांगलाच दाबला जातो. ते नकोसे वाटते, पण त्यामुळे थर पातळ होऊन चित्र स्पष्ट येते. चित्रात मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके एका जागी दाटलेले दिसले, तर हाताला काही लागत नसतानाही संशय येतो. तरुण स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो आणि तोही पांढराच दिसतो. पांढऱ्यावर पांढरे शोधायचे कसे? म्हणून तिथे सोनोग्राफीची जोड लागते. तपासणी कधी सुरू करायची यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा भर ५० ते ६९ या वयावर आहे, तर अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये दर दोन वर्षांनी चाळिशीपासून अशी शिफारस केली. कारण तपासणीचेही तोटे आहेत: खोटी धास्ती बसते आणि पुढे कधीच त्रास न देणाऱ्या कर्करोगावरही उपचार होतात.

पक्के निदान बायोप्सीनेच होते. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हा समज खोटा आहे, पण त्यापायी महिने वाया जातात.

नाव एक असले तरी स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही, हे बायोप्सीच्या रिपोर्टमधल्या तीन ओळींत कळते: ईआर, पीआर आणि हर२. पहिल्या दोन ओळी सांगतात की पेशीत इस्ट्रोजेन (ईआर) आणि प्रोजेस्टेरॉन (पीआर) या संप्रेरकांना पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का. सुमारे ७० टक्के रुग्णांत ते असतात. हर२ हे पेशीच्या पृष्ठावरचे प्रथिन १५ ते २० टक्के रुग्णांत फाजील असते. त्यापुढे ० किंवा १+ लिहिले असेल तर ते वाढलेले नाही आणि ३+ असेल तर वाढलेले आहे. २+ असेल तर फिश नावाची आणखी एक चाचणी लागते. तिन्ही नकारात्मक आले तर तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’. रुग्णाचे नातेवाईक पहिला प्रश्न ‘कितवी स्टेज?’ असाच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण औषधे ठरवताना या तीन ओळींचे वजन स्टेजइतकेच असते.

शस्त्रक्रियेचा इतिहास हा कमी कापण्याकडे झालेला प्रवास आहे. अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचे अनुभव मांडले. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी ते एकसंध काढत. पुढे कित्येक दशके हीच रीत चालली. रोग गाठीपासून पायरीपायरीने सरकतो, तेव्हा मोठा घेर कापला की तो संपेल, हे त्यामागचे गृहीतक अमेरिकी शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांना पटेना. त्यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. रेडिएशनचे मोल मात्र उठून दिसले: नुसती गाठ काढलेल्यांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ३९ टक्के होते, तर रेडिएशन दिलेल्यांत १४. मिलानमध्ये शल्यविशारद उंबेर्तो वेरोनेसी यांनाही असेच आढळले. काखेतही आता आधी पहिल्या एक-दोन ‘पहारेकरी’ ग्रंथी तपासतात. सरसकट सगळ्या काढल्या की हाताला कायमची सूज येऊ शकते.

रक्तात निसटलेल्या पेशींसाठी औषधे लागतात. केमोथेरपी शस्त्रक्रियेनंतर किंवा आधीही देतात. आधी दिली तर गाठ आक्रसते आणि औषध लागू पडते आहे का तेही दिसते. केस जातात, पण बहुतेकींचे परत येतात. संप्रेरकांवर पोसणाऱ्या कर्करोगाची रसद तोडता येते, हे स्कॉटलंडचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशये काढून दाखवले, तेही इस्ट्रोजेनचा शोध लागण्याआधी. आज तेच काम गोळी करते. टॅमॉक्सिफेन १९७७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले; रजोनिवृत्तीनंतर लेट्रोझोलसारखी औषधेही देतात. हर२ अडवणारे ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये आले आणि तोवर सर्वांत आक्रमक गणला जाणारा हा प्रकार आवाक्यात आला. दूरवर पसरलेला रोग सहसा समूळ जात नाही, पण तो बरीच वर्षे काबूत ठेवता येतो.

संप्रेरकांची गोळी ५ ते १० वर्षे चालते. अंगातून गरम वाफा, सांधेदुखी यांना कंटाळून अनेक जणी ती मध्येच सोडतात. मात्र याच प्रकारात रोग पाच वर्षे उलटून गेल्यावरही डोके वर काढू शकतो.