ग्रेट निकोबारचे जंगल आणि ‘पर्यायी’ या शब्दाचा घोळ

ग्रेट निकोबारच्या जंगलतोडीचा वाद गेल्या काही वर्षांत पेटला असला, तरी तेथील मोठी तोड 1969 पासूनची आहे. तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील माजी सैनिकांची कुटुंबे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वसवली गेली, आणि शेती, बागा व रस्ते यांसाठी जंगल साफ झाले. 1989 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले आणि 1992 मध्ये दोन राष्ट्रीय उद्यानेही झाली. 2004 च्या त्सुनामीत दक्षिण टोक सुमारे चार मीटर खचले. वाळू आणि पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्यात अंडी उबवणाऱ्या निकोबारी मेगापोड या पक्ष्याची किनाऱ्यालगतची घरटी तेव्हा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. गॅलेथिया उपसागर हे लेदरबॅक कासवांचे विणीचे ठिकाण. तेथील अभयारण्याचा दर्जा जानेवारी 2021 मध्ये काढून घेण्यात आला.

2022 मध्ये बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प व नगर यांसाठी 130.75 चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा सुमारे सातवा हिस्सा, वनजमीन वळती करण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली. संसदेत तोडीचा अंदाज 9.64 लाख झाडांचा सांगण्यात आला. या बदल्यातील लागवड मात्र हरियाणात व्हायची आहे. वनाच्छादन अतिशय जास्त असलेल्या प्रदेशाच्या वाट्याची लागवड वने कमी असलेल्या राज्यात करण्याची मुभा नियमांतच असल्याने कागदोपत्री यात काही गैर नाही. खरा घोळ शब्दाचा आहे. हिंदीत याला ‘प्रतिपूरक’ म्हणतात, म्हणजे निदान काहीतरी गमावल्याची कबुली त्यात आहे. आपल्या सरकारी मराठीत रूढ असलेले ‘पर्यायी वनीकरण’ त्याहून मोठा दावा करते. बारमाही दमट जंगलातील वृक्षनेचे, खारीसारखा दिसणारा झाडावरचा निकोबारी ट्री श्रू, बेटावरील शोंपेन आदिवासींचे अन्न असलेला केवड्याच्या कुळातील पँडेनस, यांना कोरड्या मैदानातील रोपवन पर्याय कसे ठरावे? झाडांची संख्या जुळवता येते, पण प्रदेशनिष्ठ प्रजाती त्या हिशेबात मावत नाहीत.

प्रकल्पाला ऑगस्ट 2022 मध्ये दिलेली संमती स्थानिक आदिवासी परिषदेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. वळती होणाऱ्या जमिनीत आपली त्सुनामीपूर्वीची गावे येतात, हे तेव्हा स्पष्टपणे सांगितले गेले नव्हते, असे तिचे म्हणणे होते.