दाढ किडली की लवंग, हे आलं कुठून

दाढ किडली असं आपण सहज बोलून जातो पण त्या शब्दातच हजारो वर्षांची एक समजूत आहे, की दातात खरंच कीड बसलीये आणि ती आतून पोखरतेय. बाबिलोनियातल्या एका मातीच्या पाटीवर दातदुखीचा मंत्र आहे, त्यात कीड देवाकडे जाऊन रडते, देव तिला अंजीर-जर्दाळू देऊ करतो, ती म्हणते मला ते नको, मला दात आणि हिरडीच्या मधे राहू दे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही कृमिदंत हा रोग आहेच.

त्यामुळे उपाय पण कीड पाडण्याचेच. गावाकडे रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने तो धूर दाढेला द्यायचे आणि मग पाण्यात पडलेले बारीक पांढरे किडे दाखवायचे. युरोपात हेच खुरासानी ओव्याच्या (नेहमीचा ओवा नव्हे, एक विषारी झाड) बियांनी करत. ते किडे म्हणजे तापून फुटलेल्या बीमधले कोंब! फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातात कीड असते हे नाकारलं, आणि १८९० मधे मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं की तोंडातले जंतू साखर-पिठापासून ॲसिड तयार करतात आणि ते दात झिजवतं. शब्द मात्र राहिला.

लवंगेचं तसं नाही, ती खरंच काम करते. मूळची इंडोनेशियातल्या मालुकू बेटांची, तिचा व्यापार आपल्याच हातात राहावा म्हणून डचांनी १७ व्या शतकात आपल्या ताब्यातली मोजकी बेटं सोडून बाकीच्या बेटांवरची झाडं तोडून टाकली होती. तिच्या तेलात बहुतेक भाग युजेनॉल असतो, तो नस थोडा वेळ बधिर करतो. डेंटिस्टकडे शिरताच जो वास येतो तो पण याचाच, कारण युजेनॉल आणि झिंक ऑक्साईड कालवून तात्पुरतं सिमेंट भरायची पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटापासून आहे. आमच्या आजीच्या फडताळात लवंगेच्या तेलाची छोटी बाटली कायम असायची, काडीला कापूस गुंडाळून एकच थेंब, तोही फक्त खड्ड्यात, हिरडीला लागला तर भाजतो म्हणून ती ओरडायची आणि ते अगदी बरोबर होतं.

१८८४ मधे कोकेनने बधिर करता येतं हे कळलं आणि अमेरिकेत लगेच लहान मुलांच्या चित्रासकट कोकेनचे दातदुखीचे थेंब विकायला आले, विचार करा. मग १९०५ च्या सुमारास नोवोकेन, १९४३ मधे लिडोकेन, आज इंजेक्शन देतात ते बहुतेक याच घराण्यातलं. १८९९ मधे ॲस्पिरिन बाजारात आली तर लोक गोळी गिळायच्या ऐवजी दाढेपाशी दाबून ठेवायला लागले, त्याने हिरडी पांढरी पडून जळते, आजही करतात, नका करू.

रात्रीच ठणका का वाढतो तर दाताच्या आतला गर सुजला की त्याला फुगायला जागाच नसते आणि आडवं झालं की तिकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून उशी उंच घ्यायची, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, चालत असेल तर पॅरासिटामॉल, आणि सकाळी डेंटिस्ट. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल तर सकाळचीही वाट बघू नका.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मशेरीचं. भाजलेली तंबाखू, दाढेला लावली की जरा बरं वाटतं म्हणून कितीतरी बायकांनी सुरू केली. माझ्या मावशीने पण दाढेसाठीच धरली, ती दाढ वर्षभरात काढावीच लागली, मशेरी अजून रोज दोनदा चालू आहे.