पॉम्पेईला सहकुटुंब जायचं तर तिकिटावर नावं का द्यावी लागतात

१५ नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० च माणसं आत सोडतात आणि तिकिटावर ज्याचं त्याचं नाव असतं, म्हणजे आजी-आजोबा, पोरंटोरं असं सगळं बिऱ्हाड घेऊन ऐनवेळी रांगेत उभं राहायचं आणि मिळेल ते तिकीट काढायचं ते दिवस आता गेले. पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, हे बहुतेकांना शाळेपासून माहितीये त्यामुळे त्यात जास्त शिरत नाही.

हे सगळं सुरू झालं फुकटच्या रविवारापासून. २०१४ पासून इटलीत सरकारी संग्रहालयं आणि अवशेष महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत केले, आणि निर्णय चांगलाच होता, कारण चार-पाच जणांच्या कुटुंबाला तिकिटाचा खर्च खरंच जड जातो. पण ऑगस्ट २०२४ च्या मोफत रविवारी एकट्या पॉम्पेईत ३६,००० हून जास्त लोक आले. शहर तसं मोठंय, ६६ हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांश खोदून झालंय, पण गल्ल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मापाच्या आहेत आणि सगळ्यांना बघायची असतात तीच पाच-सहा घरं.

मर्यादेवरून जो वाद आहे तो समजून घ्यायला हवा. एप्रिल ते ऑक्टोबर या सीझनमध्ये २०,००० चे दोन भाग करतात, दुपारी १ पर्यंत १५,००० आणि त्यानंतर ५,०००. सकाळची तिकिटं संपली की उरते दुपार, आणि दुपारी तिथल्या दगडी रस्त्यांवर सावली जवळजवळ नाही, मग कडेवरचं लेकरू आणि गुडघे धरलेली आजी यांना घेऊन जाणार कसं? शिवाय नावाच्या तिकिटाचं असंय की आयत्या वेळी एकाला ताप आला तर त्याच्या जागी मावशीला सहज नेता येत नाही. हा जाच खराच आहे. दुसरं म्हणणं असं की वारसा सगळ्यांचा, मग दार मोजून का उघडायचं. तरी मला विचाराल तर मर्यादा हवीच होती, उलट उशिराच आली. नावाची अटसुद्धा मला पटते कारण एकगठ्ठा तिकिटं उचलून चढ्या भावाने विकणं त्याने अवघड होतं आणि त्या काळाबाजारात सगळ्यात आधी नाडली जातात ती लांबून आलेली कुटुंबंच.

तिथले अवशेष किती नाजूक आहेत ते त्याआधीच दिसलं होतं. ६ नोव्हेंबर २०१० ला ग्लॅडिएटरांची (रोमन काळातल्या रिंगणात लढणाऱ्या योद्ध्यांची) म्हणून ओळखली जाणारी एक अख्खी इमारत पहाटे कोसळली. दार उघडायच्या आधी पडली म्हणून ढिगाऱ्याखाली कुणी अडकलं नाही, दार उघडल्यावर पडली असती तर? ती काही गर्दीने पडली नाही, पावसाचं पाणी मुरलं होतं आणि वर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीनंतर घातलेलं काँक्रीटचं छत होतं. पण त्यामुळेच पुढे १०.५ कोटी युरोंचं डागडुजीचं काम सुरू झालं, बंद घरं उघडली, आणि डिसेंबर २०१६ ला बाबागाडी, व्हीलचेअर जाईल असा तीन किलोमीटरहून लांब सपाट मार्ग झाला. घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन पॉम्पेई बघणं खऱ्या अर्थाने तेव्हापासून जमायला लागलं.

पूर्वी तर काही दारं कुटुंबाला बंदच असायची. खोदकाम १७४८ पासूनचं, पण तिथे सापडलेल्या शृंगारिक वस्तू १८१९ पासून नेपल्सच्या संग्रहालयात कुलूपबंद खोलीत, बायका-मुलांना तिथे मनाई, आणि ती खोली कायमची सगळ्यांना खुली झाली थेट २००० साली. पॉम्पेईतल्या काही घरांतली चित्रंही लोखंडी झडपेमागे असायची आणि जास्तीचे पैसे घेऊन फक्त पुरुषांना दाखवायचे, हे १९६० च्या दशकापर्यंत चालू होतं.

त्याच गुप्त खोलीत पुढे १९३८ ला पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय मूर्तीही ठेवली. तिला पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात, पण बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालेली हस्तिदंती बाहुली तिच्याशी इतकी जुळते की दोघींचं कूळ एकच असावं असं वाटतं. तेव्हा मुलांना ती दाखवायची असेल तर पॉम्पेईत शोधत बसू नका, नेपल्सच्या संग्रहालयासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.