हर्बर्ट चॅपमन: आजन्म बंदीनंतरची पंधरा वर्षं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बहुतेक फुटबॉल क्लबांत संघ निवडायचे ते संचालक. मॅनेजर म्हणजे पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणारा माणूस. ही पद्धत मोडण्यात सगळ्यात मोठा वाटा हर्बर्ट चॅपमन यांचा, असं मी मानतो.

जन्म 1878 चा, यॉर्कशरमधल्या किव्हटन पार्क या खाणींच्या गावात. वडील कोळसा खाणीत कामाला. खेळाडू म्हणून चॅपमन बेताचेच. 1907 मध्ये नॉर्दम्प्टनला खेळाडू-मॅनेजर झाले आणि 1909 मध्ये त्याच संघाने दक्षिणेतल्या क्लबांची सदर्न लीग जिंकली. 1912 पासून लीड्स सिटी या क्लबचे मॅनेजर.

घात झाला तो इथे. पहिल्या महायुद्धाच्या काळात खेळाडूंना मानधन द्यायला मनाई होती. लीड्सने ते चोरून दिल्याचा आरोप झाला, क्लबने हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार दिला. ऑक्टोबर 1919 मध्ये फुटबॉल लीगने (इंग्लंडच्या मुख्य लीगने) क्लबलाच हाकललं. खेळाडूंचा चक्क एका हॉटेलात लिलाव झाला आणि चॅपमन यांच्यावर आजन्म बंदी आली. युद्धकाळात ते बार्नबोच्या तोफगोळे भरण्याच्या कारखान्यात कामाला होते, क्लबमध्ये नव्हते, याच आधारावर पुढे बंदी उठली.

हडर्सफील्ड क्लबने 1921 मध्ये त्यांना बोलावलं. 1922 चा एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), मग 1924 आणि 1925 ची लीग. 1924 ला कार्डिफचेही गुण तेवढेच, 57. हडर्सफील्डचे गोल 60, खाल्लेले 33. कार्डिफचे 61 आणि 34. तेव्हा केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून बघत, म्हणून हडर्सफील्ड जिंकलं. आजच्या नियमाने वजाबाकी बघितली तर फरक दोघांचाही 27, आणि जास्त गोल केले म्हणून विजेतेपद कार्डिफला गेलं असतं!

1925 मध्ये ते आर्सेनलला आले. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता: आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे. गोलांचा पाऊस पडू लागला. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला 7-0 ने धुतलं. त्यावर चार्ली बुकन यांनी आग्रह धरला की मधला हाफ (मधल्या फळीतला मधला खेळाडू) मागे ओढून बचावात उभा करावा. चॅपमन यांनी आपल्या खेळाडूचं ऐकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यातूनच पुढे ‘डब्ल्यू-एम’ रचना घडली, म्हणजे मैदानावर खेळाडू W आणि M या अक्षरांच्या आकारात उभे.

1930 चा एफए कप हडर्सफील्डलाच हरवून मिळाला. 1931 आणि 1933 ला लीग. जानेवारी 1934 मध्ये अंगात सर्दी असतानाही ते तिसऱ्या संघाचा सामना बघायला गेले आणि 6 तारखेला न्यूमोनियाने वारले. आर्सेनलने त्या आणि पुढच्याही वर्षी लीग जिंकून हॅट्‌ट्रिक केली. हडर्सफील्डनेही 1926 मध्ये केली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या विजेतेपदाला चॅपमन तिथे नव्हते.