मंगलोरी कौलांच्या छपराचा अंदाज
जुने छप्पर उतरवून मंगलोरी कौले घालण्यासाठी लागणारी कौले, लाकूड, मजुरी व खर्च यांची आगाऊ आकारणी.

या कौलाचा उगम सामान्यतः बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेच्या मंगळूर (जेप्पू) येथील कारखान्याशी जोडतात. साल कोठे १८६०, तर कोठे १८६५ दिलेले आढळते. पहिले प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याच्या सुरुवातीच्या खटपटीचे आणि दुसरे कारखान्याचे असावे, असे धरल्यास विसंगती बरीचशी मिटते. मात्र खाचेत अडकणारे कौल त्याहून जुने आहे. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील आल्टकिर्श येथे झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये ते आणले होते. तेव्हा मंगळुरात त्याचा शोध लागला म्हणण्यापेक्षा तेथील मातीत तो नमुना रुजला, हे म्हणणे अधिक रास्त. अंदाजाच्या दृष्टीने महत्त्व या खाचेलाच आहे. नळीच्या कौलांत चढ (एका कौलावर दुसऱ्याचा येणारा भाग) किती द्यायची हे शाकारणाऱ्याच्या हातावर असते आणि नगांचा आकडा त्याप्रमाणे हलतो. मंगलोरी कौलाची चढ खाच व रिपांमधील (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधील) अंतर ठरवतात.

उदा., ४१० × २३५ मिमी. कौलाचा ३२० × २१० मिमी. भाग उघडा राहत असेल, तर चौरस मीटरला सुमारे १५ कौले बसतात. मोजमाप भिंतीपासून नव्हे, वळचणीपासून वळचणीपर्यंत घ्यावे. १२ × ८ मी. मापाच्या छपराचे आडवे क्षेत्र ९६ चौ. मी. होते, उतार ३०° असल्यास त्याला १.१५५ ने गुणून सुमारे १११ चौ. मी. पाखे (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात. त्यावर १,६६५ कौले व पाच टक्के तूटफूट धरून १,७५० नग मागवावे लागतात. उतार सर्वत्र सारखा असल्यास दुपाखी व चौपाखी छपरांचे क्षेत्र एकच भरते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. चौपाखीत वाढतात ते कोने (आढे व पाख्यांच्या तिरक्या सांध्यांवर बसणारी कौले) आणि तिरकस कापताना वाया जाणारी कौले. आढ्यावरील कोने लांबीवर मोजतात: १२ मी. आढ्याला, प्रत्येकी ३५ सेंमी. उघडी लांबी धरून, ३५ नग.

वासे व रिपा यांचा अंदाज कौले उतरवल्यावरच पक्का करता येतो. वाळवी लागलेला वासा खालून धडधाकट दिसतो. वरून टोचणी मारली की भुसा पडतो. म्हणून लाकडाची रक्कम कच्ची ठेवावी.

सुस्थितीतील जुन्या कौलांची किंमत खर्चातून वजा करतात. परंतु निरनिराळ्या कारखान्यांच्या खाचा नेमक्या जुळत नाहीत. कौलाच्या पाठीवरील छाप पाहून जुनी कौले एका पाख्यावर व नवी दुसऱ्यावर घालणे सोयीचे. एकाच पाख्यावर मिसळल्यास जोडातून गळती होते. उतरवणी, वाहतूक व चढवणीची मजुरी स्वतंत्र दाखवतात.